वारसा उदंड, नोंद तोकडी

१९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनहून आणलेली वाघनखे लोकांसाठी मांडली गेली. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती तीन वर्षांच्या बोलीवर दिली. अफजलखानाच्या वेळी वापरलेली वाघनखे हीच, याचा पक्का पुरावा आपल्याकडे नाही, हे ते म्युझियम स्वतःच सांगते. तरी गर्दी झाली, आणि होणारच होती. श्रद्धेला दाखला लागत नाही. प्रश्न अभ्यासाचा आहे. ज्या जिल्ह्यात एका शस्त्रासाठी एवढी यातायात होते, तिथल्या मेंढपाळाच्या ओवीची, पोतराजाच्या कोरड्याची, बगाडाच्या शिडाची नोंद कुणी, कशी आणि कुठे ठेवली?

सातारा आणि सांगली हे जिल्हे १९४९पर्यंत कागदोपत्रीही एकमेकांत गुंतलेले होते. पुढे दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याचे नाव सांगली पडले. कृष्णाकाठची बागायत, माणदेशाचा दुष्काळी पट्टा, महाबळेश्वर-कोयनेचे डोंगर आणि जतची कानडी सरहद्द एवढा ऐवज इथे शेजारी शेजारी नांदतो. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाला याहून श्रीमंत प्रयोगशाळा कुठे मिळणार? पण गेल्या पाऊणशे वर्षांचा हिशेब मांडला तर एक विचित्र गोष्ट दिसते. इथल्या माणसांची सर्वांत भरवशाची नोंद अभ्यासकांनी कमी आणि साहित्यिकांनी अधिक केली आहे.

व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ १९४९चे, ‘बनगरवाडी’ १९५५ची. औंध संस्थानातल्या धनगरवाडीत आलेल्या तरुण मास्तराच्या डोळ्यांनी वाडी दिसते, पण कादंबरीतले ज्ञान मास्तराचे नाही, वाडीचे आहे. मेंढरे कशी हिंडतात, कारभाऱ्याचा शब्द कुठवर चालतो, पाऊस हटला की वाडी कशी रिकामी होते, हे सारे एखाद्या क्षेत्रपाहणीच्या अहवालात असते तर त्याला तक्ते जोडावे लागले असते. माडगूळकरांनी ते माणसांच्या वागण्यातून सांगितले. याच आटपाडीच्या मातीतले शंकरराव खरात ‘तराळ-अंतराळ’मध्ये त्याच गावगाड्याकडे वेशीबाहेरून पाहतात. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली की एकाच मुलखाचे दोन नकाशे हातात येतात. एकात चराऊ रानांच्या वाटा आहेत, तर दुसऱ्यात कोणत्या वाटेने कुणी जायचे नाही याच्या खुणा.

फलटण तालुक्याने तर आणखी दोन दस्तऐवज दिले. लक्ष्मण मानेंच्या ‘उपरा’त कैकाड्यांची पाले, गाढवे, टोपल्यांचा धंदा, जातपंचायतीचा न्याय आणि समाजाची स्वतःची बोली आहे. १९८०मध्ये आलेल्या या पुस्तकाला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. फलटणच्या बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले. आषाढातले देवकार्य, अंगात येणे, पोटचा मुलगा पोतराज म्हणून सोडणे, येसकराचे काम आणि त्यामागची भूक यांविषयी त्यांनी जे लिहिले, ते बाहेरच्या कुठल्याही संशोधकाला मिळाले नसते. बेबीताई या रूढी हौसेने सांगत नाहीत, आतून सांगतात आणि त्यांवर रागावतातही. वारशाच्या आजच्या लिखाणात नेमका हा राग गाळला जातो. ‘आमच्या गावची परंपरा’ म्हणून छापल्या जाणाऱ्या स्मरणिकांत मानकऱ्यांची यादी असते. मान कुणाला कधीच मिळाला नाही, याची नसते.

संकलनाच्या बाजूला मोठे नाव वाळवा तालुक्यातल्या बागणीच्या सरोजिनी बाबर यांचे. राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून त्यांनी ओव्या, उखाणे, कहाण्या, सणवार, कुलदैवते यांचे खंडामागून खंड काढले. ‘एक होता राजा’ किंवा ‘जनलोकांचा सामवेद’ चाळताना थक्क व्हायला होते. बाईमाणसांच्या तोंडी असलेले एवढे शब्दधन त्या काळात दुसऱ्या कुणी सरकारी छत्राखाली छापून घेतले नसते. पण मान राखूनही एक गोष्ट बोलायला हवी. या मांडणीत ओवी कोणत्या विषयात बसते याला महत्त्व आहे. ती कोणत्या गावच्या, कोणत्या जातीच्या, कोणत्या बाईने, कधी म्हटली याला फारसे नाही. सगळ्या ओव्या मिळून एकाच गोड, सोशिक, माहेरवेड्या ‘मराठी स्त्री’च्या होतात. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुणे जिल्ह्यातून सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामात हीच उणीव भरून निघाली. तिथल्या लाखाहून अधिक ओव्यांबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव जपले आहे. त्यामुळे एकीची ओवी दुसरीशी ताडून पाहता येते, नवऱ्यावर चिडलेली बाई देवावर चिडलेल्या बाईपासून वेगळी काढता येते. सरोजिनीबाईंच्या जिल्ह्यात त्यांच्याच कामाची ही पुढची पायरी एवढ्या निगुतीने कुणी चढल्याचे दिसत नाही.

परदेशी अभ्यासकांचा विषय निघाला की आपल्याकडे एकतर लोटांगण घातले जाते, नाहीतर नाक मुरडले जाते. ग्युंटर सोंथायमर या जर्मन पंडिताच्या बाबतीत दोन्ही झाले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७६चा. तो अ‍ॅन फेल्डहाउस यांनी इंग्रजीत आणला. धनगरांबरोबर हिंडून, त्यांच्या ओव्या टेपवर उतरवून सोंथायमर यांनी दाखवून दिले की देवळात स्थिर झालेल्या देवामागे कळपाबरोबर चालणारा देव असतो. १९९२मध्ये ते गेले. त्यांच्या ध्वनिफितींतल्या बिरोबा आणि धुळोबाच्या प्रदीर्घ कथा फेल्डहाउस यांनी रामदास अटकर आणि राजाराम झगडे यांच्या साहाय्याने २०१४मध्ये ग्रंथरूपात आणल्या. गंमत अशी की इंग्रजी वाचणारा अभ्यासक अमेरिकेत बसून बिरोबाची कथा वाचू शकतो, आणि कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आरेवाडीच्या बनात जत्रेला येणाऱ्या पोराला हे पुस्तक असल्याचाही पत्ता नसतो.

रा. चिं. ढेरे यांनी माण तालुक्यातल्या शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावर लिहिले, तेव्हा धाडस वेगळ्या तऱ्हेचे होते. भोसले घराण्याचे कुलदैवत, सासवडच्या तेल्याची कावड मुंगी घाटातून चढते ते ठिकाण, म्हणजे मराठी अस्मितेचे अगदी गर्भगृह. ढेऱ्यांनी त्याचे धागे श्रीशैलापर्यंत आणि कर्नाटकातल्या राजकुळांपर्यंत नेऊन भिडवले. त्यांचे सगळेच निष्कर्ष मान्य होण्यासारखे नाहीत. नामसाम्यावर ते कधी कधी फार भार टाकतात. तरीही या दोन जिल्ह्यांत झालेले हे सर्वांत महत्त्वाचे संशोधन म्हणायला हवे, कारण जे गावाचे म्हणून छातीठोक सांगितले जाते त्याची वाट गावाबाहेरून येते, हे त्यांनी पुराव्यांची रास घालून दाखवले. बिरोबाही सरहद्दीपलीकडे बीरप्पा होतोच. नोव्हेंबर २०२२मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातल्या चाळीस गावांचा विषय काढला, तेव्हा दोन्हीकडच्या वाहिन्यांवर आरडाओरड झाली. जतमधली घरे दोन भाषांत कशी राहतात, लग्ने कुठे जुळतात, कोणत्या देवाला कोणत्या भाषेत नवस बोलला जातो, हे सांगू शकेल असा जाणकार त्या गदारोळात कुणाला आठवला नाही.

राजकारणाला मात्र लोकसंस्कृतीची आठवण वेळेवर होते. आरेवाडीच्या बनात आता आरक्षणाच्या मागणीचे मेळावे भरतात. धनगरांना अनुसूचित जमातीत घ्यावे या मागणीसाठी राज्य सरकारने टाटा समाजविज्ञान संस्थेकडून अभ्यास करवून घेतला. २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यासंबंधीच्या याचिका फेटाळल्या. मागणीच्या बाजूने वा विरोधात कुणी काहीही म्हणो, गजी ढोल, भाकणूक, घोंगडे हे सारे एकाएकी पुराव्याचे कागद होऊन बसले. पुरावा म्हणून मांडलेली रूढी नीटनेटकी, जुनी आणि एकसारखी दाखवावी लागते. प्रत्यक्षात ती तशी नसते.

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी हे याचेच दुसरे टोक. गोरक्षनाथांनी मातीच्या नागाच्या जागी जिवंत नाग पुजायला लावला, अशी इथली कथा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे गुन्हा ठरले, उच्च न्यायालयाने २०१४मध्ये बंदी कडक केली, आणि २०२५मध्ये केंद्राने पारंपरिक ज्ञानाच्या शिक्षणासाठी म्हणून एकवीस जणांना नाग पकडायची परवानगी दिली. म्हणजे पूजा आता ‘शिक्षण’ झाली. हा बदल शिराळकरांनी कसा पचवला, मंडळे आणि मानाची घराणी यांच्यात काय उलथापालथ झाली, बंदीच्या काळात वाढलेल्या पोरांना नागपंचमी म्हणजे काय वाटते, यावर आज दीर्घ अभ्यास हवा होता. त्याऐवजी मिळतात ते एकतर प्राणिमित्रांचे निषेध, नाहीतर परंपराभिमान्यांची पत्रके.

वाई तालुक्यातल्या बावधनच्या बगाडाचीही तीच कथा. होळीच्या रात्री भैरवनाथाचा कौल लावून बगाड्या, म्हणजे नवस फेडायला बगाडाच्या शिडाला टांगला जाणारा माणूस, ठरतो. रंगपंचमीला कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून गावापर्यंत बैलांच्या जोड्या बदलत बगाड ओढले जाते. २०२१मध्ये करोनाची बंदी झुगारून ते निघाले आणि गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. त्या दिवसाची ड्रोनची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. पण तुरुंगाची भीती असतानाही गाव मागे का हटले नाही, नवस फेडायचा राहिला तर काय होईल असे त्यांना वाटत होते, हे वरून दिसत नाही.

असा अभ्यास कसा होतो हे कळायला बल्गेरियाकडे पाहण्यासारखे आहे. तिथे स्त्रांजा डोंगरातल्या बल्गारी गावी संत कॉन्स्टंटाइन आणि एलेना यांच्या सणाला निखाऱ्यांवर नाचण्याची प्रथा आहे. समाजवादी राजवटीने ती अंधश्रद्धा म्हणून दाबली आणि काळ्या समुद्रावरच्या पर्यटकांसमोर करमणूक म्हणून चालू दिली. पुढे २००९मध्ये युनेस्कोने तिला यादीत घेतले. तीच आग एकाच शतकात धर्म, गुन्हा, तमाशा आणि वारसा अशी चार रूपे फिरून आली, आणि तिथल्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी नेमका या फेऱ्याचा अभ्यास केला. आपण अजून ‘खरी परंपरा कोणती’ यावरच भांडतो. अर्थात तिथेही सगळे आलबेल नव्हते. सरकारी समूहांनी खेड्यातल्या गाण्यांना इतके घोटीव मंचीय रूप दिले की मूळ गाणारणीला आपला आवाज ओळखू येऊ नये. युवा महोत्सवातले एकाच साच्याचे धनगरी लोकनृत्य पाहिलेल्या कुणालाही हा प्रकार नवा वाटणार नाही.

पण बल्गेरियाची एक गोष्ट सातारकरांना टोचायला हवी. ‘चितालिश्ते’ म्हणजे तिथली गावोगावची वाचनगृहे. पहिली तीन १८५६मध्ये निघाली. आज अशी तीन हजारांहून अधिक आहेत, आणि पुस्तकांबरोबरच गावचे गाणे, पोशाख, हस्तकला, जुनी छायाचित्रे हेही तीच सांभाळतात. २०१७मध्ये युनेस्कोने वारसाजतनाचा उत्तम नमुना म्हणून त्यांची दखल घेतली. साताऱ्याचे नगर वाचनालय १८५२चे, म्हणजे चार वर्षांनी थोरले. सांगलीचे १८६९चे. वाईत तर प्राज्ञपाठशाळा आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय, विद्येचे माहेरघरच. एवढे असून आपली वाचनालये छापील शब्दापलीकडे गेली नाहीत. गावातली म्हातारी काय गाते हे वाचनालयाचे काम आहे, असे कार्यकारिणीतल्या कुणाला वाटले नाही. व्याख्यानमाला भरवल्या, त्यात वक्ते पुण्याहून आणले. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या वाचनालयातली हजारो पुस्तके कृष्णेने नासवली, तेव्हा मदतीचे हात राज्यभरातून आले. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी सापडते. म्हणणारणीबरोबर गेलेल्या ओवीची सापडत नाही.

मिरजेत चित्र जरा वेगळे आहे, आणि गुंतागुंतीचेही. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी संस्थानी काळात सतार-तंबोरे घडवायला घेतले, इतके की काहींचे आडनाव सतारमेकर झाले. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या हळदीच्या आणि बेदाण्याच्या पंगतीत आता भोपळ्याचा तुंबाही बसला. हे चांगलेच झाले. नकली मालाला आळा बसेल. पण मानांकनाचा कागद वस्तूचे नाव राखतो, जवारी काढणाऱ्या हाताखाली पोरगे बसेल की नाही हे त्याच्या आवाक्यात नाही. त्याच मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसाला पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, आणि दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणे होते. कडेगावच्या मोहरमात उंच ताबुतांच्या भेटी होतात, त्यात हिंदू घराण्यांचे मान असतात. ‘सामाजिक सलोखा’ एवढ्या दोन शब्दांत दरवर्षी बातमी होते. सलोखा म्हणजे नुसते प्रेम नव्हे. मान कुणाचा, क्रम कुणाचा, खर्च कुणाचा यांचा तो बारकाईने ठरलेला व्यवहार असतो, आणि त्याची घासाघीस दरवर्षी नव्याने होते. तो व्यवहार कळला तर तो कशाने मोडेल हेही कळेल.

सध्याच्या घडीला सर्वांत आशादायक काम विद्यापीठाबाहेर, सामुदायिक रेडिओवर होते आहे. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आणि जत तालुक्यातल्या जालिहाळची येरळावाणी ही केंद्रे गावच्या माणसाला गावच्याच बोलीत बोलते करतात. तिथे गायला आलेल्या बाईला कुणी ‘अस्सल लोकगीतच म्हणा’ असे बजावत नाही. ती जात्यावरची ओवी म्हणते आणि लगेच बचतगटाचे गाणेही त्याच चालीवर म्हणते. जिवंत परंपरा अशीच असते. उणीव आहे ती पुढच्या टप्प्याची, म्हणजे ध्वनिमुद्रणाला नाव, गाव, तारीख आणि प्रसंग जोडून ते कायम ऐकता येईल अशा जागी ठेवण्याची. शिवाजी विद्यापीठाच्या मराठी आणि समाजशास्त्र विभागांचे विद्यार्थी बहुतेक याच गावांतून येतात. त्यांनी पदवीच्या प्रकल्पासाठी पुस्तकातून पुस्तक लिहिण्याऐवजी अशा पंचवीस ध्वनिमुद्रणांची सूची केली, तर तीन वर्षांत माणदेशाचा असा संग्रह उभा राहील की ज्यासाठी कुणाला सोंथायमर यांच्या हायडेलबर्गला पत्र लिहावे लागणार नाही. खर्च फार नाही. वाचनालयांकडे कपाटे आहेत, रेडिओकडे आवाज आहेत, आणि कोयना-चांदोलीतून उठवलेल्या गावांनी आपले देव नव्या वसाहतीत कसे बसवले हे सांगणारी पिढी अजून बोलती आहे. सुरुवात तिथूनच करायला हरकत नाही, कारण त्या पिढीकडे फार वेळ उरलेला नाही.