यमू आणि आमची आत्याआजी

दिवाळी अंकात केशवपनावर लिहिणे म्हणजे ऐन फराळात कारीट वाढणे, असे मला घरातूनच बजावण्यात आले आहे. पण नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याची कडू चव जिभेला लावण्याची रीत आपल्या कोकणात आहेच. वाचकांनी हा लेख तेवढ्यापुरता गोड मानून घ्यावा.

पनवेलच्या आमच्या जुन्या घरी आत्याआजी असे. आजोबांची ही धाकटी बहीण. नवव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी वैधव्य आणि मग जन्मभर माजघर, सोवळे व लाल आलवण. तिला अक्षरओळख नव्हती. 1960 च्या सुमारास, मे महिन्याच्या सुटीत, मी तिला वाचनालयातून आणलेली हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ओसरीवर बसून वाचून दाखवीत असे. यमू आणि तिचा दादा यांची लहानपणची भांडणे ऐकताना ती तोंडाला पदर लावून हसे. शेवटी यमूचे सक्तीने केशवपन होते, तिथे मी अडखळलो. ती शांतपणे म्हणाली, “ते गाळ रे. ते मला ठाऊक आहे. ती भांडणं पुन्हा वाच.”

पुढे या कादंबरीवर मी पुष्कळ टीकालेख वाचले, पण त्यांतला एकही मला या वाक्याइतका उपयोगी पडलेला नाही.

बाबा पदमनजींच्या 1857 च्या ‘यमुनापर्यटना’त विधवांच्या हकिकती एकामागून एक येतात, नायिका प्रवासात त्या पाहते, ऐकते, हळहळते. हेतू थोर, पण त्या मुली दाखल्यासाठी उभ्या केलेल्या वाटतात. साक्ष संपली की त्यांनी जावे! आपट्यांनी यमूला आधी खेळू दिले, रुसू दिले, पुढे नवऱ्याजवळ चोरून मिळालेल्या सुखाची चवही घेऊ दिली. हिरावून नेण्याजोगे काही असल्याशिवाय जुलूम दिसायचा कसा?

काळही ध्यानात घ्यावा. ‘करमणूक’ पत्र 1890 साली निघाले आणि त्यातून ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. 1891 च्या मार्चमध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचे वय दहावरून बारा केले, एवढीच ती सुधारणा. त्यावर टिळक एका बाजूला, आगरकर दुसऱ्या बाजूला, आणि साऱ्या पुण्यात रणधुमाळी. सभांतून मुलींविषयी बोलत होते पुरुषच. आपटेही पुरुषच, परंतु त्यांनी बोलायला लावले ते यमूला, तिच्या घरगुती भाषेत. 1893 साली पुस्तक निघाले. त्यानंतर चाळीस वर्षांनी, 1933 साली, विभावरी शिरूरकरांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ आले तेव्हा शिकलेल्या मुलींची घुसमट एका बाईनेच लिहिली. मात्र तिलाही टोपणनावाचा पडदा घ्यावा लागला.

तरी एक गोष्ट आज मला खटकते, ती म्हणजे शंकरमामंजी. इतका दुष्ट माणूस कथेत असला की वाचकाचे काम फार सोपे होते. सारा राग त्याच्या माथी मारावा आणि आपल्या घराकडे पाहूच नये. ज्या राज्यात मुलींना जगावे लागले, ते राज्य दुष्टांच्या बळावर इतके दिवस टिकले नसते. ते चालवीत होती ती बहुधा सज्जन, मायाळू, लोकांना भिणारी माणसे. तसल्या माणसाचे चित्र काढणे खलपुरुष रंगवण्याहून अवघड, आणि हरिभाऊंची लेखणी तिथे थोडी कमी पडली असे माझे मत आहे.

हे मत मला पुस्तकातून सुचलेले नाही. ती सुटी संपता संपता आत्याआजीने एकदा, तांदूळ निवडता निवडता, सांगितले की तिला न्हाव्यापुढे बसवले तेव्हा तिच्या वडिलांनी तिचा हात धरला होता आणि ते तिच्याहून मोठ्याने रडत होते. मग सुपातून मान वर करून तिने विचारले, “असा रडणारा बाप तुझ्या पुस्तकात आहे का रे?”

मी बराच वेळ पाने उलटीत बसलो.