न उतरणारी रेघ

चौकटीचा कागद. आडवे दिवस, उभं तापमान. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातून उठण्याआधी जिभेखाली धरलेल्या थर्मामीटरचा रोज एक ठिपका. पाळीच्या पहिल्या दिवसापासून हे ठिपके जोडत गेलं की उमटणारी रेघ मला महिनाभर लांबीची एक रचना वाटते. रसग्रहण करावं इतकी ती बांधीव आहे.

पूर्वार्ध सपाट, बहुतेकदा ३६.५ अंश सेल्सिअसच्या खालीच रेंगाळणारा. मग एक चढण, जेमतेम ०.३ ते ०.५ अंशांची. स्त्रीबीज सुटल्यावर अंडाशयात मागे उरलेला पीतपिंड प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवू लागतो आणि मेंदूतलं तापमानाचं केंद्र सगळं शरीर किंचित वरच्या पट्टीत लावतं. उत्तरार्ध त्याच पट्टीत चालतो. गर्भ राहिला नाही, तर साधारण दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो, रेघ खाली येते, पाळी येते.

आणि राहिला तर? ऐकणाऱ्याला वाटतं, आता रेघ उसळी मारणार. तसं काहीच होत नाही. ती फक्त उतरायची थांबते. रुजू लागलेल्या गर्भाकडून येणारं एचसीजी हे संप्रेरक पीतपिंडाला सुकू देत नाही, एवढंच. वरचं तापमान सलग अठरा दिवस टिकलं की गर्भधारणेची दाट शक्यता मानतात. एवढी मोठी बातमी इतक्या कमी शब्दांत सांगणारं दुसरं काही माझ्या वाचनात नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरच्या परिसरात ही वाचनाची रीत परकी नाही. दूध संघाला दूध घालणाऱ्या घरात, रेतन केलेली म्हैस एकवीस दिवसांनी उलटली नाही की ‘गाभ राहिली असंल’ म्हणतात आणि पुढं डॉक्टरकडून तपासून घेतात. जे घडायचं ते घडलं नाही, हाच पुरावा. बाईच्या बाबतीतही आलेख पुरावा देतो, निकाल नाही. तो लघवीच्या किंवा रक्ताच्या तपासणीनेच लागतो.

अतिवाचनाचा मोह इथेही आहेच. उत्तरार्धात एखाद्या दिवशी रेघ खाली टेकून पुन्हा वर आली की ‘गर्भ रुजला’ असं सांगणारे पुष्कळ. पण असा खळगा रिकाम्या गेलेल्या महिन्यांतही पडतो. अपुरी झोप, सर्दी, उठायला झालेला उशीर यांनीही ठिपका हलतो. त्याला अर्थ चिकटवण्यात अर्थ नाही.

पाळीच्या चक्रातल्या या चढउताराची आरंभीची एक नोंद मेरी पटनम जेकोबी या अमेरिकन डॉक्टरची. पाळीमुळे बायकांना शिक्षण झेपत नाही, या मताला तिने १८७६ च्या निबंधात नाडी आणि तापमानाच्या मोजमापांनी उत्तर दिलं. फिलाडेल्फियातल्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ती १८६४ साली बाहेर पडली, तिथूनच १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या आणि तो विभाग त्यांच्याविना राहिला.

एक उणीव मात्र आलेखाच्या या रचनेत उघड दिसते. सलग तीन-चार तासांची झोप, रोज एकाच वेळी जाग, आणि उठण्याआधी अंथरुणात पाच मिनिटं. असं आयुष्य ती गृहीत धरते. धारा काढून जिला डेअरीची वेळ गाठायची असते तिचं काय? गळीत हंगामात बीडहून आलेली, कारखान्याच्या उसासाठी अंधारातच कोयता घेऊन फडात उतरणारी बाई कुठला ठिपका काढणार? रेघ तिच्याही अंगात असते. कागदावर येत नाही.

गर्भ राहिल्यावर सुरुवातीच्या दिवसांत अंग कोमट लागतं, कसकसल्यासारखं वाटतं, हे बायका थर्मामीटरशिवायही सांगत आल्या आहेत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर ही ऊब हळूहळू ओसरते. पण ती ऊब म्हणजे ताप नव्हे, आणि घराघरांत नेमकी इथेच गल्लत होते. पारा ३८ च्या वर गेला तर ‘पोटुशी आहे, उष्णता असायचीच’ म्हणून घरी बसायचं नाही. गर्भाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतच मिटत असते आणि मोठा ताप तिला बाधू शकतो. डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं, आणि पाळी चुकली आहे हे तिथं पहिल्यांदा सांगायचं.