काच चावणारा कप्तान

एकाच मरणाची तीन वर्णनं समोर ठेवली तर तिन्हींत वेगळा माणूस मरताना दिसतो. माणूस आहे रिचर्ड ग्रेनव्हिल, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला दर्यावर्दी. राणीच्या परवान्याने स्पॅनिश जहाजं लुटणं ही तेव्हा इंग्लंडमध्ये चाचेगिरी नव्हती, देशसेवा होती.

१५९१ चा ऑगस्ट संपत होता. अमेरिकेतून चांदी घेऊन येणाऱ्या स्पॅनिश ताफ्यावर झडप घालायला इंग्लिश जहाजं अझोर बेटांपाशी दबा धरून होती. आलं मात्र पन्नासहून अधिक जहाजांचं स्पॅनिश आरमार. प्रमुख हॉवर्ड बाकीच्या जहाजांसह निसटला. 'रिव्हेंज'वरचा ग्रेनव्हिल बेटावरची आपली माणसं गोळा करत मागे राहिला, वेढला गेला आणि सुमारे पंधरा तास लढला. शेवटी जखमी अवस्थेत पकडला गेला आणि स्पॅनिश जहाजावर मेला.

त्याच वर्षी वॉल्टर रॅलेने निनावी पुस्तिका काढली. तो ग्रेनव्हिलचा नातेवाईक, त्यामुळे तटस्थ नव्हताच. हॉवर्डला भित्रा म्हणायचं नाही, ग्रेनव्हिलला अविचारी म्हणायचं नाही आणि स्पेनला झोडपायचं, अशी त्याची कसरत आहे. लढाई संपते तरी स्पेनच्या क्रौर्याचा पाढा चालूच राहतो. तिथे पुस्तिका कंटाळवाणी होते.

पण एका जागी रॅले खरा लेखक ठरतो. दारू संपली आहे, जहाज मोडलं आहे. ग्रेनव्हिल म्हणतो, जहाज बुडवा. तोफखान्याचा प्रमुख तयार होतो. जहाजाचे अधिकारी मात्र नकार देतात: जगलेली माणसं पुन्हा देशाच्या कामी येतील. खलाशी त्यांच्या बाजूने जातात. तोफखान्याचा प्रमुख जीव देऊ पाहतो, तर त्याला खोलीत कोंडतात. गौरव नायकाचा करायचा होता, पण रॅलेने विरोधकांचा मुद्दा इतका नीट मांडला आहे की तोच पटतो.

दुसरं वर्णन यान ह्यूगेन व्हान लिन्सखोटेन या डच माणसाचं. काही वर्षं गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस राहून तो परतत होता आणि तेव्हा अझोरमध्येच अडकला होता. तो लिहितो, ग्रेनव्हिल शूर होता, पण त्याच्या तापटपणामुळे त्याचीच माणसं त्याचा द्वेष करत. जेवताना वाइन पिऊन तो पेला दातांनी फोडून चावायचा, तोंडातून रक्त यायचं. ही ऐकीव गोष्ट आहे, तसं तो सांगतोही. तरी रॅलेच्या पुस्तिकेत न सापडणारा माणूस इथे भेटतो.

तिसरं टेनिसनचं, १८७८ मधलं कथाकाव्य. जगू पाहणारे खलाशी त्यातही बोलतात, पण साम्राज्याच्या ऐन भरात लिहिलेल्या या कवितेत टाळ्या कप्तानालाच मिळतात.

चांदीचा पेला तिन्हींत नाही. १५८५ मध्ये ग्रेनव्हिल रॅलेच्याच वसाहतीसाठी माणसं घेऊन आजच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर गेला होता. तिथे एक पेला चोरीला गेला म्हणून अक्वास्कोगॉक हे मूलनिवासींचं गाव आणि त्यांचं मक्याचं पीक जाळण्यात आलं. स्पेनच्या क्रौर्याचा पाढा वाचणाऱ्या रॅलेला ही आग आठवत नाही. म्हणून त्याची पुस्तिका वाचताना त्या खलाशांपाशी थांबावं. आपल्या कप्तानाच्या कीर्तीसाठी मरायला त्यांनी नकार दिला होता.