वाचक कोणाच्या बाजूचा?

पुढे काय होणार हे ठाऊक नसते म्हणून रहस्यकथा वाचली जाते, असा सर्वसाधारण समज आहे. फ्रेडरिक फोर्साइथ यांची १९७१ साली प्रसिद्ध झालेली ‘द डे ऑफ द जॅकल’ ही कादंबरी या समजाला चांगलाच छेद देते. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांचा वध करण्यासाठी ओ. ए. एस. ही गुप्त संघटना एका परक्या मारेकऱ्याला पैसे देऊन नेमते, हा तिचा विषय. परंतु द गॉल नोव्हेंबर १९७० मध्ये आपल्या घरीच निवर्तले होते. कट फसणार हे वाचकाला पहिले पान उलटण्यापूर्वीच माहीत असते, आणि तरीही त्याचा श्वास अडकतो.

याचे कारण, आमच्या मते, कथानकात नसून निवेदनात आहे. फोर्साइथ पूर्वी रॉयटर्सचे बातमीदार म्हणून पॅरिसला होते. तो कोरडा सूर येथे पानोपानी आहे. ऑगस्ट १९६२ मध्ये द गॉल यांच्यावर झालेला खराखुरा हल्ला आणि त्याचा सूत्रधार बास्त्याँ-तिरी यास मार्च १९६३ मध्ये झालेला देहदंड, यांपासून निवेदक आरंभ करतो. सत्याची अशी बैठक घातल्यावर काल्पनिक जॅकल त्याच सुरात आत येतो, आणि त्याच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

या जॅकलला नाव नाही, बालपण नाही, मते नाहीत, द्वेषसुद्धा नाही. निवेदक त्याचे मन दाखवीत नाही, हात दाखवितो. लहानपणीच वारलेल्या मुलाच्या नावाने जन्मदाखला काढणे, त्यावर पासपोर्ट मिळविणे, कुबडीच्या नळ्यांत लपेल अशी बंदूक घडवून घेणे, अरण्यात जाऊन तिचा नेम बसविणे, हे सारे सावकाश, तपशीलवार येते. कुशलतेने चाललेले काम तडीस जावे असेच पाहणाऱ्याला वाटते; काम कसले, हा प्रश्न मागे पडतो. वाचकाची सहानुभूती सद्गुणाच्या मागे जात नाही. लेखक त्याला ज्याच्या शेजारी बसवितो त्याच्या मागे ती जाते.

तपास अधिकारी क्लोद लबेल पुष्कळ उशिरा येतो. अंगाने लहान, स्वभावाने मवाळ, घरी पत्नीपुढे गप्प. सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या आमच्या वाचकांना तो चटकन ओळखीचा वाटेल. रोज रात्री वरिष्ठांच्या बैठकीत प्रगतीचा अहवाल द्यायचा. यश आले तर वाटेकरी अनेक, अपयशाचा धनी एकटा. त्याची शस्त्रेही कागदाचीच: हॉटेलांतील नोंदपत्रे आणि पासपोर्टाचे अर्ज. बैठकीतूनच बातमी फुटते आहे असे दिसताच तो सर्वच उपस्थितांचे टेलिफोन चोरून ऐकवितो! हा प्रसंग आम्हांला शेवटच्या गोळीपेक्षाही अधिक रंगलेला वाटतो. येथून वाचक दुभंगतो. दोघांचेही काम फत्ते व्हावे, अशी अशक्य इच्छा तो मनात बाळगतो.

इतके कसब मान्य करूनही एक गोष्ट आम्हांला खटकते. वाटेत जॅकल आणखी काही माणसे मारतो. त्यांत त्याला आसरा देणारी एक बॅरोनेस आहे. बंदुकीच्या घडणीला पाने, आणि या बाईच्या मरणाला मोजक्या ओळी. निवेदनाचा सूर बदलत नाही, म्हणून वाचकही न थबकता पुढे जातो. पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ले’ (१९५५) मध्येही निवेदन तृतीयपुरुषी आहे आणि ते खुनी टॉमची पाठ क्षणभर सोडीत नाही. परंतु होडीत मित्राचा खून केल्यावर टॉम स्वतःच बुडता बुडता वाचतो, आणि ती धडपड व ते भय पुढे त्याला चिकटून राहते. टॉम पकडला जाऊ नये असे आपल्याला वाटते, आणि असे वाटल्याची लाजही वाटते. फोर्साइथ ही लाज वाटू देत नाहीत. टॉम शेवटी सुटतो, मृताची संपत्तीही त्याला मिळते. पण ग्रीसला पोहोचल्यावरदेखील, यापुढे प्रत्येक बंदराच्या धक्क्यावर आपल्यासाठी पोलीस उभे असतील काय, हा प्रश्न त्याच्या मनात येतोच. वाचकाच्याही येतो.