मॅक्रोने क्लास लिहावा का? साचेबंद कोडच्या स्वयंचलनाचे परीक्षण

जावामध्ये नवा क्लास लिहायचा म्हटले की ठरलेला मजकूर येतोच: खासगी फील्ड, कन्स्ट्रक्टर, प्रत्येक फील्डचा गेटर आणि सेटर, शेवटी इक्वल्स, हॅशकोड आणि टू-स्ट्रिंग. याला बॉयलरप्लेट किंवा साचेबंद कोड म्हणतात. सहा फील्डांच्या क्लासला गेटर-सेटरच बारा लागतात. हे काम एडिटरकडून करून घ्यावे असे तुम्हाला वाटणे स्वाभाविक आहे. या टिपणात आपण त्या सोयीचे परीक्षण करू: एडिटर नेमके काय करून देतो आणि काय तुमच्यावर सोडतो?

१. मॅक्रो: कळांची नोंद

मॅक्रो म्हणजे तुम्ही दाबलेल्या कळांची नोंद. ही कल्पना जुनी आहे. १९७६ च्या ईमॅक्सचे नावच ‘एडिटर मॅक्रोज’ या शब्दांवरून आले आहे. १९९१ मध्ये आलेल्या विममध्ये क्यू आणि मग रजिस्टरचे अक्षर, समजा ए, दाबले की नोंद सुरू होते. पुन्हा क्यू दाबले की ती थांबते. त्यानंतर ॲट चिन्ह आणि ए दाबले की तीच क्रिया पुन्हा घडते. आधी ५ दाबले असेल तर ती पाच वेळा घडते.

मॅक्रोचा मोठा गुण असा की नोंद करताना एक गेटर तुम्हाला स्वतः लिहावा लागतो. शिवाय तो अशा रीतीने लिहावा लागतो की पुढच्या ओळीवरही तो लागू पडेल. उजवीकडचा बाण सात वेळा दाबला, तर ती नोंद त्याच ओळीपुरती खरी ठरते. एकेका शब्दावर उडी मारत गेलात, तर नाव लांब असो वा आखूड, नोंद चालते. विशिष्टातून सामान्य नियम काढण्याचा हा उत्तम सराव आहे.

दोष याच गुणाच्या पोटात आहे. मॅक्रोला अक्षरे दिसतात, अर्थ दिसत नाही. इंट, डबल, स्ट्रिंग या प्रकारांवर नीट चाललेला मॅक्रो मॅपवर अडखळतो, कारण मॅपच्या कोनी कंसात स्वल्पविराम आणि जागा येते. ‘दुसरा शब्द म्हणजे फील्डचे नाव’ हे गृहीतक तिथे कोसळते. बूलियन फील्डच्या गेटरचे नाव प्रथेप्रमाणे ‘गेट’ने नव्हे, ‘इज’ने सुरू होते. मॅक्रो तिथेही ‘गेट’च लिहील.

२. जनरेटर: प्रकार जाणणारा

एक्लिप्सच्या सोर्स मेनूत किंवा इंटेलिजे आयडियामध्ये ऑल्ट आणि इन्सर्ट दाबल्यावर मिळणारा जनरेटर या बाबतीत सरस आहे. तो जावाची रचना वाचतो. मॅप असो वा बूलियन, तो चुकत नाही. निव्वळ अचूकतेचा प्रश्न असता, तर हे परीक्षण इथेच संपले असते.

पण मॅक्रो आणि जनरेटर या दोघांचा एक दोष समान आहे. आमच्या लखनौच्या चिकनकारीचे उदाहरण घ्या. कापडावर आधी लाकडी ठशाने नक्षी छापतात, मग कारागीर तिच्यावर टाके घालतात आणि शेवटी धुलाईत छापा निघून जातो. उरते ते हाताचे काम. आपल्याकडे उलटे होते. ठशाने छापलेला कोड फाइलमध्ये कायम राहतो, हाताने लिहिलेल्या कोडसारखाच दिसतो आणि त्यातले कोणते वाक्य विचार करून लिहिले, हे पुढच्या वाचणाऱ्याला कळत नाही.

३. फील्ड वाढले की काय होते?

समजा, तुम्ही निकालाचा क्लास लिहिला. त्यात रोल नंबर, विषयाचा कोड आणि गुण अशी तीन फील्डे आहेत. जनरेटरला सांगून रोल नंबर आणि विषयाच्या कोडवरून इक्वल्स आणि हॅशकोड करून घेतले. सर्व नोंदी हॅशसेटमध्ये ठेवल्या. पुढे लक्षात आले की मागे राहिलेल्या विषयाची परीक्षा विद्यार्थी पुन्हा देतो, म्हणून ‘सत्र’ हे फील्ड वाढवले. मॅक्रोने गेटर-सेटर दोन सेकंदांत आले. इक्वल्स मात्र जुनेच राहिले.

आता त्याच विद्यार्थ्याची, त्याच विषयाची दुसऱ्या सत्रातली नोंद हॅशसेटला जुन्या नोंदीइतकीच वाटते. ॲड मेथड फॉल्स परत करते आणि नवी नोंद गळते. कंपायलर बोलत नाही, एक्सेप्शन येत नाही. उत्तीर्ण झालेला विद्यार्थी यादीत अनुत्तीर्णच दिसतो. टंकायचा वेळ वाचला, पण ‘दोन निकाल समान कधी मानायचे?’ हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

सेटरचेही तसेच. फुकट मिळतात म्हणून सगळ्या फील्डांना सेटर दिले जातात. मग रोल नंबर कोणीही, केव्हाही बदलू शकतो. फील्ड खासगी ठेवण्याला काय अर्थ उरला?

४. रेकॉर्ड: साचा भाषेतच

जावा १६ मध्ये, २०२१ साली, रेकॉर्ड पक्के झाले. एका ओळीत घटक सांगितले की कन्स्ट्रक्टर, वाचण्याच्या मेथड, इक्वल्स, हॅशकोड आणि टू-स्ट्रिंग कंपायलर पुरवतो. सेटर नसतातच. घटक वाढवला की इक्वल्सही आपोआप बदलते. पायथनने ३.७ या आवृत्तीत डेटाक्लास आणले, कॉटलिनमध्ये डेटा क्लास आहे. दिशा एकच: साचा फाइलमध्ये छापू नका, हेतू सांगा.

तरी रेकॉर्डही सर्वज्ञ नाही. तो समानतेत सर्व घटक धरतो, म्हणजे गुणसुद्धा. एकाच सत्रातली नोंद गुण दुरुस्त करून पुन्हा आली, तर दोन्ही हॅशसेटमध्ये राहतील. जेपीएच्या एंटिटीसाठी रेकॉर्ड चालत नाही, तिथे नेहमीचा क्लासच लागतो. म्हणून जनरेटर शिकणे वाया जात नाही.

निष्कर्ष

मॅक्रो वाईट नाही. पन्नास ओळींचे रूप एकदाच बदलायचे असेल, तर त्याच्यासारखे हत्यार नाही. पण जो कोड पुढे बदलणार आहे, त्याच्यासाठी एकदाच छापणारे साधन अपुरे पडते. साधन निवडताना ‘किती कळा वाचल्या?’ हे विचारू नका. ‘उद्या फील्ड वाढले तर हा कोड कोण दुरुस्त करणार?’ हे विचारा. उत्तर ‘कंपायलर’ असेल तर निश्चिंत राहा. उत्तर ‘मी’ असेल तर ती चाचणी आजच लिहा.

स्वाध्याय

१. वरील निकालाचा क्लास आधी पूर्ण हाताने लिहा, मग गेटरचा मॅक्रो नोंदवा. तो मॅप प्रकारच्या फील्डवर चालवून नेमका कुठे चुकतो ते पाहा.
२. ‘सत्र’ हे फील्ड वाढवा, इक्वल्स जुनेच ठेवा आणि हॅशसेटमध्ये किती नोंदी उरतात ते मोजा.
३. तुमच्या मागच्या प्रकल्पातला एक क्लास उघडा. कधीच न वापरलेले सेटर काढून टाका आणि प्रकल्प कंपाइल होतो का ते पाहा.