आगमनावाचून प्रवास : विलासनौकांवरील वेश आणि पंक्ती

प्रवासी जहाजास इंग्रजीत दोन नावे आहेत, आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'लायनर' हा शब्द 'लाइन', म्हणजे ठरलेला मार्ग, यावरून आला. 'क्रूझ' हा डच भाषेतील 'क्रुइसेन' या क्रियापदाचा वंशज. आडवेतिडवे जाणे, त्याच पाण्यात फेऱ्या घालणे असा त्याचा मूळ अर्थ. लायनरला गंतव्य असते. क्रूझ ज्या बंदरातून निघते त्याच बंदरात बहुधा परत येते. मधली बंदरे केवळ निमित्तमात्र होत. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची नियमित वाहतूक सुरू झाली आणि पुढील दहापंधरा वर्षांत जहाजांचे वाहतुकीचे कार्य जवळजवळ संपले. जी जहाजे उरली ती पोहोचविण्यासाठी उरली नाहीत. या स्थित्यंतराचा आर्थिक इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. जहाजावरील वेश व भोजन यांच्या अर्थात त्यामुळे काय पालट झाला, आणि साहित्याने तो कितपत ओळखला, एवढाच प्रश्न येथे घ्यावयाचा आहे.

लायनरच्या काळातील एक साक्ष आपल्या परिचयाची आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून इंग्लंडला निघालेल्या तरुण गांधींनी आत्मकथेत या प्रवासास एक प्रकरण दिले आहे. काटेचमचे कसे वापरावेत हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि कोणते पदार्थ निरामिष आहेत हे विचारण्याचा धीर होत नव्हता. म्हणून ते भोजनाच्या मेजावर गेलेच नाहीत, बरोबर आणलेली मिठाई व फळे खोलीतच खात राहिले. जहाजावर त्यांनी काळा पोशाख वापरला आणि पांढरा फ्लॅनेलचा पोशाख मुद्दाम उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला. सप्टेंबरअखेर इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले तेव्हा पांढऱ्या पोशाखात ते एकटेच होते. हा प्रसंग सामान्यतः विनोद म्हणून सांगितला जातो. वस्तुतः त्यात लायनरच्या वेशव्यवहाराचे सूत्र आहे. उत्तम वस्त्र आगमनासाठी असते. प्रवास हे एक दीर्घ वाक्य, आणि त्याचे क्रियापद अखेरीस, बंदरावर येते. गांधींनी क्रियापद चुकीचे निवडले असेल. ते कोठे यावयाचे हे मात्र त्यांना अचूक कळले होते.

क्रूझवरील वाक्यास असे क्रियापदच नाही. मग उत्तम वस्त्र कोणत्या क्षणासाठी राखावयाचे? त्याचे उत्तर म्हणजे रात्रीचे जेवण. पोहोचण्याची जागा आता पंक्तीने घेतली आहे, आणि जहाजावरील 'गाला' संध्याकाळ ही त्या प्रवासाची खरी बंदरे होत, असे माझे प्रतिपादन आहे.

प्राग संप्रदायाच्या भाषावैज्ञानिकांनी, प्रथम त्रुबेत्स्कॉय यांनी ध्वनिविचारात आणि पुढे याकोबसन यांनी व्याकरणात, चिन्हित व अचिन्हित असा भेद रूढ केला. दोन पर्यायांपैकी जो काही न सांगता गृहीत धरला जातो तो अचिन्हित. ज्याला वेगळी खूण लागते तो चिन्हित. १९३० च्या दशकातील अटलांटिक जहाजांवर पहिल्या वर्गात जेवणास औपचारिक वेश करून जाणे ही अचिन्हित गोष्ट होती. रोजच तसे असे, म्हणून त्याला नाव नव्हते. नाव लागे ते अपवादाला : सामान उघडलेले नसते म्हणून पहिल्या रात्री, आणि ते बांधून झालेले असते म्हणून शेवटच्या रात्री, वेश न करण्याची मुभा होती. आज संबंध नेमका उलटला आहे. साधा वेश गृहीत, आणि औपचारिक रात्रीला स्वतंत्र नाव, स्वतंत्र तारीख व पूर्वसूचना. कुनार्ड कंपनीच्या जहाजांवर तर अशा संध्याकाळींना विषयही दिलेले असतात. एक काळ्यापांढऱ्या वेशाची, एक मुखवट्यांची. जे रोजचे होते ते नाटकाचे झाले.

याच कंपनीचे 'क्वीन मेरी २' हे जहाज (पहिली सफर जानेवारी २००४) या दृष्टीने अभ्यसनीय आहे, कारण ते अद्याप साउदॅम्प्टन व न्यूयॉर्क यांच्यामध्ये ये-जा करते आणि स्वतःस लायनर म्हणवते. मूळ 'क्वीन मेरी'ने १९३८ साली अटलांटिक चार दिवसांच्या आत ओलांडला होता. नवे जहाज तीस नॉटच्या आसपास वेग घेऊ शकते, तरी त्याच्या नेहमीच्या सफरीस सात रात्री लागतात. आगमन लांबविण्यासाठीच प्रवासी पैसे देतो, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणी सांगावे! सायंकाळी सहानंतर जहाजाच्या बहुतेक भागांत ठरलेला वेश हवा. गाला संध्याकाळी डिनर जॅकेट किंवा गडद सूट. हे ज्याला नको असेल त्याला हाकलून देत नाहीत. त्याच्यासाठी बुफे, पब अशा मोजक्या जागा राखलेल्या आहेत. नियम मोडण्याची शिक्षा नाही, पण नियम न पाळणाऱ्यांचा भूगोल वेगळा.

'वर्ग' हा शब्द मात्र या जहाजावरून गेला आहे. पूर्वी पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमवाचक होते. आता 'ब्रिटानिया', 'प्रिन्सेस ग्रिल', 'क्वीन्स ग्रिल' ही उपाहारगृहांची नावे आहेत, आणि कोणी कोठे जेवावयाचे हे त्याने घेतलेल्या खोलीच्या श्रेणीवरून ठरते. ग्रिलवाल्यांना बसण्याउठण्याच्या जागाही निराळ्या. 'ग्रिल' म्हणजे मांस भाजण्याची लोखंडी जाळी. तिच्यावरून भोजनगृह, भोजनगृहावरून खोली, आणि खोलीवरून माणसाचा दर्जा, असा हा अर्थविस्तार झाला. संख्या नाहीशी होऊन विशेषनाम आले की भेद सौम्य झाल्यासारखा वाटतो. मराठीत या गोष्टीला फार जुना व नेमका शब्द आहे : पंक्तिभेद. आपल्याकडे तो दोषवाचक आहे. तेथे तो दरपत्रकाचा भाग आहे.

पंक्तिभेदाची धार किती असू शकते हे कॅथरिन ॲन पोर्टर यांच्या 'शिप ऑफ फूल्स' (१९६२) या कादंबरीत दिसते. १९३१ साली मेक्सिकोहून जर्मनीस निघालेल्या 'वेरा' जहाजावर फ्रायटाग नावाचा जर्मन प्रवासी कप्तानाच्या मेजावर जेवतो. त्याची पत्नी ज्यू असल्याचे फुटते. कोणी वाद घालीत नाही, कोणी आरोप ठेवीत नाही. फक्त त्याची जागा बदलते, आणि त्याला जहाजावरील एकमेव ज्यू प्रवासी, आजवर एकटाच जेवणारा ल्योवेनथाल, याच्या मेजावर बसविण्यात येते. कादंबरी पसरट आहे आणि तिच्यातील बहुतेक पात्रे लेखिकेने प्रथमपासूनच निंद्य ठरवून टाकली आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु हे एक प्रकरण तिला तारते. पुढे युरोपात जे व्हावयाचे होते त्याचे पहिले वाक्य येथे आसनव्यवस्थेच्या भाषेत उच्चारले जाते. तळाशी क्यूबाहून परत पाठविलेले शेकडो स्पॅनिश मजूर आहेत. त्यांना तर मेजाचा प्रश्नच नाही.

डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांचा निबंध हा विलासनौकांवरील सर्वांत प्रसिद्ध लेख. तो 'हार्पर्स' मासिकाच्या जानेवारी १९९६ च्या अंकात 'शिपिंग आउट' या नावाने आला आणि १९९७ मध्ये 'अ सपोज्डली फन थिंग आय'ल नेव्हर डू अगेन' या संग्रहात विस्तारून समाविष्ट झाला. मार्च १९९५ मध्ये मासिकाच्या खर्चाने लेखकाने कॅरिबियन समुद्रात सात रात्रींची सफर केली. जहाजाचे नाव 'झेनिथ', अर्थात खमध्य; लेखकाने ते बदलून 'नेडिर', म्हणजे अधोबिंदू, असे केले. विद्यार्थ्यांना या निबंधातील तळटीपांचा व विनोदाचा मोह पडतो, आणि तो साहजिक आहे. मला त्यातील भाषाविचार अधिक मोलाचा वाटतो. जहाजकंपनीच्या माहितीपुस्तिकेतील क्रियापदे वॉलेस बारकाईने तपासतो. तुम्हांला सुख घेता येईल असे पुस्तिका म्हणत नाही. तुम्हांला सुख होईलच असे ती सांगते. शक्यार्थाचे निश्चितार्थात रूपांतर होताच प्रवाशाच्या हातून सुख घेण्याचे कर्तृत्वही काढून घेतले जाते. पुस्तिकेत एका नामांकित साहित्यिकाने लिहिलेला निबंध होता, त्यावरही वॉलेसने कठोर टीका केली. जाहिरातीने ललित निबंधाचा वेश केला आहे, ही त्याची तक्रार होती. जहाजावर वेशाचे नियम सर्वांना लागू, पुस्तिकेला तेवढे नाहीत!

या पुस्तिकेचे आवडते क्रियापद 'पॅम्पर' हे आहे. त्याचा जुना अर्थ ठासून खाऊ घालणे असा होता. लाड हा नंतरचा अर्थ. विलासनौकेने दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र आणले. मराठीत 'लाड पुरविणे' म्हटले की पुरविणारी आई किंवा आजी आणि घेणारे मूल डोळ्यांसमोर येते, आणि 'लाडावलेला' म्हटले की लगेच दोष लागतो. इंग्रजी शब्दालाही असा दोष चिकटलेला होता. जाहिरातीने तो पुसून टाकला. वॉलेस अखेरीस नेमका येथेच पोहोचतो : आपल्यातील जे मूल सदैव मागतच असते त्याला तृप्त करण्याचे वचन जहाज देते, आणि ते पाळणे अशक्य असते, कारण मागणे हाच त्या मुलाचा स्वभाव. सात दिवसांत लेखकाची तक्रारीची पातळी कशी बारीकसारीक होत जाते याचे चित्रण फार प्रामाणिक आहे.

वेशाविषयीचा त्याचा अनुभव गांधींच्या अनुभवाशेजारी ठेवून पाहावा. उष्ण कटिबंधातील सुटीवर औपचारिक पोशाख नेणे त्याला हास्यास्पद वाटले. त्याने तो नेला नाही. पण नकार हाही त्या भाषेतील एक प्रयोगच ठरतो. गांधी मेजावर गेले नाहीत ते ती भाषा येत नव्हती म्हणून. वॉलेसला ती येत होती, म्हणूनच त्याचे न बोलणे सर्वांना ऐकू गेले.

मात्र या निबंधाची मर्यादाही त्याच्या सर्वोत्तम प्रसंगात दिसते. एकदा वॉलेस आपली पिशवी स्वतः उचलून खोलीकडे नेतो. लेबनॉनचा एक हमाल ते पाहून कासावीस होतो, पिशवी ओढू लागतो. लेखक ती सोडीत नाही. नंतर कळते की त्या हमालाला वरिष्ठाने फैलावर घेतले. प्रवाशाचे म्हणणे नेहमी खरे, आणि प्रवाशाला स्वतःचे सामान कधी उचलू द्यावयाचे नाही, या दोन नियमांच्या कात्रीत तो सापडला होता. व्याकरणाची चूक एकाने करावी आणि तिचा दंड दुसऱ्याने भरावा, अशी भाषा जगात दुसरी नसेल. वॉलेसला याची मनस्वी टोचणी लागते, तो रदबदलीही करतो. तथापि ती टोचणी त्याच्या स्वतःच्या विषादाचे एक प्रकरण होऊन राहते. हमालाला, किंवा त्याच्या मेजावर वाढणाऱ्या हंगेरियन वेटरला, लेखकाच्या दृष्टीबाहेर वाक्य मिळत नाही. सेवकांच्या व्यावसायिक स्मिताविषयी वॉलेस सुंदर लिहितो. पण ते स्मित ज्याला पाहावे लागते त्याच्या बाजूने. पोर्टर यांनी तळघरातील मजुरांना गर्दी म्हणून रंगविले, वॉलेसने सेवकांना स्मित म्हणून. दोघांच्याही नजरेची उंची प्रवाशाच्या डेकाइतकीच आहे.

वॉलेसच्या जहाजाच्या कंपनीने डिसेंबर २०१५ पासून 'औपचारिक रात्र' हे नाव काढून 'इव्हनिंग शीक' असे नवे नाव योजले. नॉर्वेजियन कंपनीने २००० सालीच ठरावीक वेळ, ठरावीक मेज आणि सक्तीचा वेश यांतून प्रवाशांना मोकळे केले. वेशाचे व्याकरण प्रवाशांपुरते सैल होत चालले आहे. सेवकांचा गणवेश सैल झालेला नाही. अनेक जहाजांवर छातीवरील पट्टीवर नाव आणि त्याखाली देश लिहिलेला असतो. प्रवाशाला देश सांगावा लागत नाही.

येथे हा विषय आपल्या किनाऱ्याला लागतो. पी. अँड ओ. कंपनीच्या लायनरांवर डेकवरील खलाशी बहुधा गुजरात व कोकणचे असत, आणि भोजनगृहातील सेवक गोव्याचे. आजही गोव्यातील व मुंबईतील कितीतरी घरांतून तरुण विलासनौकांवर जातात. या खलाशांना कोकणीत 'तारवटी' म्हणतात. दोन करारांमधल्या काळात मुंबईत राहण्यासाठी त्यांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत गावागावांच्या नावाने 'कूड' उभे केले, त्यांतील काही अजून आहेत. २०२० च्या साथीत विलासनौकांवरील प्रवासी उतरले, कर्मचारी मात्र महिनोन्महिने समुद्रावर अडकले. काही जहाजांवर त्यांना विलगीकरणासाठी प्रवाशांच्याच खोल्या देण्यात आल्या. पंक्तिभेद असा साथीने तात्पुरता मोडला, यावर कोणत्या तारवटीने काय लिहिले वा सांगितले, हे अभ्यासकाने शोधण्याजोगे आहे.

टॉमस रोबक याचा इंग्रजी–हिंदुस्तानी नाविक कोश १८११ साली प्रसिद्ध झाला. भारतीय खलाशांच्या भाषेचा तो अमोल साठा आहे, आणि त्यातील मोठा भाग आज्ञांचा आहे. अधिकाऱ्याने खलाशाला काय म्हणावे हे त्यात सापडते. खलाशी अधिकाऱ्याला आपसांत काय म्हणत, ते सापडत नाही. विभागातील ज्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी विषय हवा असेल त्यांनी कूडांत जावे आणि उलट दिशेचा कोश करावा : गाला संध्याकाळीला वाढणारे काय म्हणतात, ग्रिलमध्ये जेवणाऱ्याला काय, बुफेत जेवणाऱ्याला काय, आणि जो प्रवासी आपली पिशवी स्वतः उचलतो त्याला काय.