एक असत्य माफ

याकोव्ह पेरेलमानची पुस्तके ज्यांनी विद्यार्थिदशेत वाचली असतील, त्यांना एक गंमत आठवत असेल. एच. जी. वेल्सच्या १८९७ सालच्या कादंबरीतील अदृश्य माणूस तो क्षणभर खरा मानतो आणि मग साळसूदपणे विचारतो, की या माणसाला दिसते कसे? प्रकाश शरीरातून आरपार जात असेल, तर डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा उमटणार नाही. म्हणजे अदृश्य माणूस आंधळाच असला पाहिजे! गोष्टीचे गृहीत मान्य करायचे, पण त्यातून निघणारे निष्कर्ष मात्र सोडायचे नाहीत, अशी ही रीत आहे.

आमच्या एका शिक्षकमित्राच्या वर्गात अलीकडे असेच घडले. उष्णतेचे संक्रमण शिकवताना एका मुलाने विचारले, "सर, अवकाशात हवाच नाही, मग यान थंड कसे होते? गेममध्ये म्हणतात की माणसे आतच शिजतील." मित्राने "गेममधले सोड, पुस्तकातले बघ" असे सांगून वेळ मारून नेली. नंतर रुखरुख वाटली म्हणून त्याने आम्हांला फोन केला. मुलगा 'मास इफेक्ट' या व्हिडिओ गेमबद्दल बोलत होता. आम्ही तो खेळ पाहिला, आणि त्याचे चाहते गेली कित्येक वर्षे घालत असलेले वादही वाचले. आमचे मत असे झाले, की खेळापेक्षा हे वादच शिक्षकांच्या अधिक उपयोगाचे आहेत. (खेळात गोळीबार व रक्तपात भरपूर आहे आणि तो सतरा वर्षांवरील मुलांसाठी आहे, तेव्हा तो वर्गात दाखवण्याचा प्रश्नच नाही.)

कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या संस्थेने या मालिकेचा पहिला भाग २००७ साली, दुसरा २०१० साली आणि तिसरा २०१२ साली काढला. कथानक बाविसाव्या शतकातले आहे. दर पन्नास हजार वर्षांनी 'रीपर' नावाची महाकाय यंत्रे आकाशगंगेतील प्रगत संस्कृती नष्ट करतात, आणि शेपर्ड नावाचा (खेळणाऱ्याने ठरवले तर नावाची) सेनाधिकारी त्यांना तोंड देतो. या साऱ्याच्या मुळाशी एकच कल्पित गोष्ट आहे. 'एलिमेंट झीरो' या द्रव्यातून विद्युतप्रवाह सोडला, की भोवतालच्या क्षेत्रातील वस्तूंचे वस्तुमान कमी किंवा जास्त करता येते. प्रकाशापेक्षा वेगवान याने, बंदुका, संरक्षक कवचे हे सर्व त्यातून आले आहे. असे मूलद्रव्य नाही आणि असू शकत नाही, हे लेखकांनाही ठाऊक आहे. हे एक असत्य त्यांनी उघडपणे मागून घेतले आणि चाहत्यांनी ते खुशीने दिले.

त्या बदल्यात चाहत्यांनी हिशोब मागितला. खेळात एक मोठा माहितीकोश आहे. त्यात म्हटले आहे, की पृथ्वीवासीयांच्या सर्वांत मोठ्या युद्धनौकेची तोफ २० किलोचा धातूचा गोळा सेकंदाला ४,०२५ किलोमीटर वेगाने फेकते आणि त्याची ऊर्जा ३८ किलोटन टीएनटीएवढी असते. दुसऱ्या भागात एक सार्जंट नवशिक्या सैनिकांना हेच आकडे सांगून दरडावतो. नेम चुकला तरी गोळा अवकाशात थांबत नाही, तो कधीतरी कुठेतरी कोणावर तरी आदळणारच, अशी न्यूटनची भीती तो त्यांना घालतो. जडत्वाचा पहिला नियम इतक्या परिणामकारकपणे शिकवणारा दुसरा प्रसंग आमच्या पाहण्यात नाही.

आता हा आकडा फळ्यावर तपासू. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाची निम्मी पट गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येते सुमारे १.६२ गुणिले दहाचा चौदावा घात जूल, म्हणजे ३८ किलोटनांहून किंचित जास्त. लेखकांनी गणित केले होते! पण चाहते तेवढ्यावर थांबले नाहीत. कोश म्हणतो तोफ दर दोन सेकंदांनी उडते, सार्जंट म्हणतो पाच. कोशाचे खरे धरले तर मागच्या धक्क्याचे काय? २० किलो गुणिले ४०,२५,००० मीटर प्रतिसेकंद हा संवेग दर दोन सेकंदांनी नौकेलाही उलट दिशेने मिळणार. सरासरी बल होते सुमारे चार कोटी न्यूटन, म्हणजे माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याच्या रेट्यापेक्षाही जास्त. नौका पुढे गोळे मारते की स्वतःच मागे पळते, असा प्रश्न पडावा.

याहून खोल आक्षेप ऊर्जेच्या अक्षय्यतेचा आहे. गोळ्याचे वस्तुमान शंभरपट कमी केले, त्याला वेग दिला आणि बाहेर पडल्यावर वस्तुमान पूर्ववत झाले. वेग तोच राहिला तर ऊर्जा शंभरपट झाली. ती आली कोठून? संवेग कायम ठेवायचा तर वेगच शंभरपट घटला पाहिजे, आणि मग तोफ कुचकामी ठरते. काही चाहते सांगतात की ही तूट क्षेत्र निर्माण करणारी वीज भरून काढते. पळवाट वाईट नाही. पण मग एकूण खर्च तेवढाच आला, वस्तुमान कमी करून वाचवले काय? दहावीच्या हुशार मुलांना हा प्रश्न घालून पाहावा. आम्हांला स्वतःला त्याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही, आणि त्याबद्दल खेळावर आमचा रागही नाही. मागून घेतलेल्या असत्याची ती किंमत आहे.

मुलाचा प्रश्न उष्णतेचा होता, आणि तेथे खेळाचा पहिला भाग खरोखर प्रामाणिक आहे. निर्वातात वहन नाही, अभिसरण नाही, राहते फक्त प्रारण. खोलीच्या तापमानाचा, म्हणजे ३०० केल्व्हिनचा, आदर्श काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला जेमतेम ४६० वॉट बाहेर टाकतो. म्हणून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर अमोनिया फिरवून मोठमोठ्या पांढऱ्या पट्टांतून उष्णता बाहेर टाकावी लागते. 'मास इफेक्ट'मधील नायकाचे यान शत्रूला दिसू नये म्हणून उष्णता पोटात साठवते, आणि काही तासांत ती सोडली नाही तर आतले भाजून निघतील, असे कोश बजावतो. चित्रपटांतून दिसणाऱ्या अदृश्य यानांपेक्षा ही कल्पना कितीतरी सरस आहे. मात्र त्याच मापाने तोफेकडे पाहावे. तिच्या ऊर्जेचा शंभरावा भाग जरी उष्णता होऊन नौकेत राहिला, तरी दर दोन सेकंदांना तेवढी उष्णता ३०० केल्व्हिनला बाहेर टाकायला सुमारे १,७०० चौरस किलोमीटरचा पृष्ठभाग लागेल. पट्ट ३,००० केल्व्हिनपर्यंत तापवले तर प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढत असल्यामुळे हेच क्षेत्रफळ दहा हजारपट घटते, आणि मग गोष्ट कल्पनेच्या आवाक्यात येते.

येथवरचे वाद निसर्गाशी ताडून पाहण्याचे होते. चाहते खरे चिडले ते दुसऱ्याच कारणाने. पहिल्या भागात हातातील बंदुकांना गोळ्यांची वाण नव्हती, त्या फक्त तापत, आणि निवेपर्यंत थांबावे लागे. दुसऱ्या भागात तापलेला भाग काढून फेकायचा आणि नवी 'थर्मल क्लिप' बसवायची, अशी सुधारणा आली. क्लिपा संपल्या की बंदूक मुकी. चाहत्यांनी विचारले, की क्लिप नसेल तर जुन्या पद्धतीने बंदूक निवू द्यायला काय हरकत? उत्तर सर्वांना कळत होते. लढाईला वेग यावा म्हणून खेळाचे नियम बदलले आणि कारण मागाहून शोधले. त्यात आणखी एक घोटाळा झाला. ही सुधारणा कथानकात गेल्या दोन वर्षांतली, पण दहा वर्षांपूर्वी एका निर्जन ग्रहावर आदळलेल्या यानाच्या आसपासही तिथल्या लोकांजवळ क्लिपा सापडतात! यानाचे नाव 'ह्यूगो गर्न्सबॅक', म्हणजे १९२६ साली 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचे मासिक सुरू करणाऱ्या संपादकाचे. त्याच्याच नावाच्या यानावर अशी चूक व्हावी, हा विनोद जाणून केलेला नसावा. तिसऱ्या भागात नायकाच्या एका भाबड्या चाहत्याच्या तोंडी क्लिपांविषयी हाच आक्षेप घालून लेखकांनी कान पकडले, हे त्यांच्या मोठेपणाचे.

शेवटावरून झालेले रण सर्वांत मोठे. ताऱ्या-ताऱ्यांत प्रवास घडवणारे 'रिले' नावाचे अवाढव्य दुवे आकाशगंगेत पसरलेले आहेत. २०११ सालच्या 'अरायव्हल' या पुरवणीत असा एक रिले फुटतो, आणि त्याच्या स्फोटात अख्खी ग्रहमाला व तीन लाखांहून अधिक जीव नष्ट होतात. २०१२ सालच्या अंतिम दृश्यात तर सगळेच रिले फुटताना दिसतात. मग आकाशगंगा वाचली कशी? कोणी म्हणाले, धरण फुटणे वेगळे आणि त्याचे पाणी दारे उघडून सोडणे वेगळे. शेवटी रिलेतली ऊर्जा आधीच संदेशाबरोबर पुढे गेलेली असते. हा तर्क आम्हांला पटतो, पण तो खेळात नव्हता, चाहत्यांनी पुरवला. जून २०१२ मध्ये बायोवेअरने विनामूल्य वाढीव शेवट दिला. त्यात रिले मोडकळीस येतात, पण ते पुन्हा उभारता येतील असे दाखवले.

चाहत्यांचे सगळेच बरोबर होते असे मुळीच नाही. त्यांच्यातील एका गटाने असे प्रतिपादन केले, की शेवट खराब नाहीच. रीपरांनी नायकाच्या मनाचा ताबा घेतला आहे आणि आपण पाहतो तो त्याचा भ्रम आहे. एखादी विसंगती सापडली की ती भ्रमाची खूण, आणि सगळे जुळले तर भ्रम किती बेमालूम याचा पुरावा! वाढीव शेवटात या मताला दुजोरा मिळाला नाही, तरी ते टिकून राहिले. कोणत्या पुराव्याने हे मत खोटे ठरेल, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. टॉलेमीच्या उपवर्तुळांचा धडा शिकवताना शिक्षकांना हे उदाहरण जवळचे वाटेल, मात्र टॉलेमीला निदान ग्रहांच्या स्थितीचे भाकीत करता येत असे.

मित्राला आम्ही अवकाश स्थानकाच्या पट्टांची आणि ४६० वॉटांची गोष्ट सांगितली. पुढच्या तासाला त्याने ती वर्गात सांगितली. मुलाने वहीत गुणाकार केला आणि विचारले, "मग सर, त्या पट्टांवर ऊन पडले तर?"